ठोकळ्यांची फुले

मी फुलाऱ्याचा मुलगा. मिरजेत दर्ग्याच्या वाटेवर आमच्या अब्बांची फुलांची हातगाडी होती, पुढे तिचे दुकान झाले. मजारवर चढवायच्या गुलाबाच्या चादरी, नवरदेवाचे सेहरे, दसऱ्याला झेंडूचे ढीग आणि गणपतीत लाल फुलांचे हार, असे आमचे वर्ष फुलांच्या हिशेबाने चालायचे. आज ज्या फुलांबद्दल बोलणार आहे, त्यांना मात्र ना वास आहे, ना पाणी लागते. ती मुलांच्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची फुले आहेत. अब्बा असते तर हा विषय ऐकून त्यांनी रेडिओ बंद केला असता.

अब्बांना नकली फुलांचा तिटकारा होता. कागदी फुलांचे तोरण दिसले तरी ते मान फिरवत. रात्री दुकान बंद करताना उरलेली फुले पोत्यात भरली जायची, आणि त्या पोत्याच्या वजनावरून घरात कळायचे की आजचा दिवस कसा गेला. कापड दुकानदाराचा माल उद्या विकता येतो, फुलाऱ्याचा येत नाही. माझे थोरले बंधू, त्यांना मी भाईजान म्हणतो, त्या दुकानात बसले. मी बी.ए. झालो, कारकून झालो आणि कविता लिहू लागलो. कवितेत मी फुले पुष्कळ वापरली. तिथे उरलेला माल फेकावा लागत नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी मुलीकडे पुण्याला गेलो होतो. तिच्या टेबलावर एक बुटके झाड होते, जपानी लोक कुंडीत वाढवतात तसले बोन्साय. गुलाबी मोहोराने लगडलेले. चष्मा लावून जवळ गेलो तर सगळे झाड लेगोच्या ठोकळ्यांचे! मुलगी म्हणाली, ‘‘पप्पा, अजून जवळून बघा.’’ बघितले, आणि खरे सांगतो, मी मोठ्याने हसलो. तो मोहोर नव्हताच, ते बेडूक होते. नखाएवढे गुलाबी प्लास्टिकचे बेडूक, शंभरेक असतील. फांदीवर इकडे-तिकडे तोंड करून बसवलेले. हातभर अंतरावरून पाहावे तर चेरीचा बहर, नाक लावून पाहावे तर बेडकांची सभा.

आमच्या मिरजेला हे नवीन वाटायचे कारण नाही. आमच्याकडे सतारी होतात. वेलीवर लोंबणारा कडू भोपळा वाळवून, कापून, त्याला दांडी जोडतात आणि त्यातून यमन निघतो. ऐकणाऱ्याला भोपळा आठवत नाही, पण कारागीर तो लपवूनही ठेवत नाही. बेडकाचे फूल करणाऱ्याची जात मला याच घराण्यातली वाटली.

मग मी या ठोकळ्यांची कुंडली काढायला बसलो. डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचे एक खेडे. तिथे ओले कर्क क्रिस्टियानसेन हा सुतार होता. १९३२ साली जगभर मंदी, घरे बांधून घ्यायला कोणी येईना. त्याच वर्षी पत्नी वारली, पदरात चार मुलगे. या माणसाने लाकडी खेळणी करायला घेतली. ‘लेगो’ हे नाव ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांना जोडून केलेले आहे. १९४२ मध्ये त्याचा कारखाना जळाला, तो त्याने पुन्हा उभा केला. १९४६ मध्ये प्लास्टिक ओतण्याचे यंत्र विकत घेतले. लाकडात जन्म गेलेल्या सुताराने प्लास्टिकला हात लावला तेव्हा त्याच्या घरात काय बोलणे झाले असेल, याची मी कल्पना करू शकतो.

१९४९ पासून ते एकमेकांवर बसणारे ठोकळे बनवू लागले. मूळ कल्पना हिलरी पेज या इंग्रज खेळणीकाराची होती, हेही सांगायला हवे. पण हे सुरुवातीचे ठोकळे आतून पोकळ होते. एकावर एक बसायचे, पण घट्ट धरायचे नाहीत, धक्का लागला की मनोरा आडवा. उपाय सापडला तो १९५८ च्या जानेवारीत. ठोकळ्याच्या डोक्यावर गोल बटणे असतात हे आपण पाहिलेले असते. युक्ती आहे ती पोटात. ठोकळा उलटा केला की आत पोकळ नळ्या दिसतात. खालच्या ठोकळ्याची बटणे वरच्याच्या भिंती आणि नळ्या यांच्या मध्ये दाबून बसतात, आणि प्लास्टिक अगदी किंचित ताणले जाऊन त्यांना धरून ठेवते. डिंक नाही, खिळा नाही, स्क्रू नाही. लहान मुलाला काढता आले पाहिजे, पण आपसूक निघता कामा नये, अशी ती पकड. त्यासाठी साचे इतके अचूक लागतात की तिथे केसाची जाडीसुद्धा फार झाली. पेटंटचा अर्ज केला त्याच वर्षी मार्चमध्ये ओले कर्क वारला. त्या १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. माझ्या वडिलांच्या काळातल्या किती वस्तूंबद्दल मला असे म्हणता येईल?

आता खरा प्रश्न. ठोकळा चौकोनी, आणि फुलात तर सरळ रेष नावालाही नसते. मग गुलाब होतो कसा?

याचे उत्तर मापात आहे. एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. याशिवाय चपट्या पट्ट्या असतात, त्यांची उंची ३.२. म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. इथपर्यंत सरळ आहे. गंमत पुढे आहे. अशा पाच पट्ट्या एकावर एक रचल्या की १६ मिलिमीटर होतात, आणि दोन बटणांची रुंदीही बरोबर १६! म्हणजे उभी रचना आणि आडवी रचना एका ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे काही तुकडे कुशीवर वळवून बसवता येतात, बटणे वर न राहता बाजूला तोंड करतात, आणि रचना चहूकडे फुटू लागते. आम्ही मात्रा मोजणारे लोक. आठ मात्रांच्या आवर्तनात पाचाचे तुकडे बसवून समेवर यायचे, त्यातला आनंद मला या हिशेबात मिळाला.

कोपनहेगनच्या गणितज्ञांनी आणखी एक हिशेब मांडला आहे. चार-चार बटणांच्या दोन ओळी असलेले एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तर ते किती तऱ्हांनी जोडता येतील? ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. अवघे सहा! कवीला तर उगीच वाटते की शब्द अपुरे पडतात.

याखेरीज चिमटे आणि दांड्या असतात, बिजागऱ्या असतात, आणि खांद्याच्या हाडासारखे उखळीचे सांधे असतात. पाकळी चिमट्याने दांडीवर धरली की ती हवी तितकी झुकवता येते. ठोकळ्यांचे फूल रचून झाल्यावर ‘फुलवावे’ लागते, ते असे. एकेक पाकळी बोटाने उघडायची. थोडी उघडली तर कळी, पूर्ण उघडली तर उमललेले फूल, आणि जास्तच वाकवली तर मावळतीला आलेले.

मुलीने माझा उत्साह पाहिला आणि २०२५ च्या जानेवारीत माझ्या वाढदिवसाला एक पुष्पगुच्छच आणून दिला. खोक्यावर ‘१८ वर्षांवरील’ असे छापलेले. खेळण्याच्या खोक्यावर वयाची अट अशी उलटी मी प्रथमच पाहिली. ही फुले कंपनीने २०२१ च्या जानेवारीत मोठ्या माणसांसाठीच काढली. करोनाचे दिवस होते, माणसे घरात कोंडलेली होती. तो गुच्छ आणि ते बेडकांचे बोन्साय एकदमच बाजारात आले. गुच्छात ७५६ तुकडे आणि त्यातून १५ देठ. गुलाब, अॅस्टर, डेझी, पॉपी, नर्सरीवाले ज्याला डॉग फ्लॉवर म्हणतात ते स्नॅपड्रॅगन आणि भरीला गवत. फुलदाणी मात्र आपली आपण आणायची.

मी रोज संध्याकाळी तासभर बसायचो. पुस्तिकेत पायरी-पायरीची चित्रे असतात. पहिल्या दिवशी मी सगळ्या पिशव्या एकदम ताटात ओतल्या आणि तिथेच चुकलो. हिरव्यात हिरवा तुकडा शोधता शोधता इशाची नमाज झाली. दुसऱ्या दिवशी बायकोने मसाल्याचा डबा रिकामा करून दिला, तेव्हा काम मार्गी लागले. गुलाबाची एक पाकळी मी उलटी बसवली होती, ते पुढे अकरा पायऱ्या गेल्यावर कळले. कवितेत चुकीचा शब्द छापून आल्यावर कळतो, इथे निदान सोडवता तरी येते. शेवटी दोन-चार बारीक तुकडे उरले, तेव्हा मी घाबरलो. मुलगी फोनवर म्हणाली की, बारीक तुकडे हरवतात म्हणून ते जास्तीचे घातलेले असतात.

या फुलांतल्या प्लास्टिकची हकिगतही ऐकण्यासारखी आहे, विशेषतः आमच्या उसाच्या मुलखात. नेहमीचे कडक ठोकळे १९६३ पासून एबीएस नावाच्या प्लास्टिकचे होतात, ते खनिज तेलातून येते. पण २०१८ पासून कंपनीने पाने, झुडपे, झाडे असे मऊ, लवचीक तुकडे उसापासून काढायला सुरुवात केली. ऊस ब्राझीलचा. उसापासून इथेनॉल, इथेनॉलपासून इथिलीन आणि त्याचे पॉलिथिन. सांगली-कोल्हापूरच्या शेतकऱ्याला पहिली पायरी पाठ आहे, आपले कारखाने तेच करतात. तेव्हा या गुच्छातल्या काही तुकड्यांना उसाचे पान म्हटले तरी ते खोटे नाही. मात्र एक गैरसमज नको. उसापासून झाले म्हणून ते कुजत नाही. रासायनिकदृष्ट्या ते तेलातल्या पॉलिथिनसारखेच असते, मातीत पुरले तर आपल्या पणतूला सापडेल.

गुच्छ तयार झाला, आणि बैठकीच्या खोलीत खिडकीशी जी पितळी फुलदाणी असते, तिच्यात मी तो ठेवला. येणारा-जाणारा बघायचा, हात लावायचा, फसलो म्हणून हसायचा. मी भलताच खूश होतो.

३१ मार्चला ईद होती. भाईजान नमाजनंतर घरी आले. शीरखुर्मा पुढे ठेवला. त्यांचे लक्ष खिडकीकडे गेले. ते उठले, जवळ गेले, एक देठ बोटात धरून फिरवले आणि परत येऊन बसले. ‘‘क्या है रे ये?’’ मी उत्साहाने सगळे सांगू लागलो. डेन्मार्क, नळ्या, बेडूक. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, ‘‘म्हणून शुक्रवारची पुडी बंद केलीस होय?’’

मी गप्प झालो. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर भाईजानच्या दुकानातला पोरगा आमच्या घरी निशिगंधाच्या कांड्यांची पुडी आणून द्यायचा. कित्येक वर्षांची रीत. अब्बा गेल्यावर भाईजाननी ती सुरू केली होती, पैसे कधी घेतले नाहीत. फेब्रुवारीत कधीतरी बायकोने पोराला सांगितले होते, ‘‘फुलदाणी भरलेली आहे, आता आणू नकोस.’’ तिने सहज सांगितले, मी सहज ऐकले, आणि भाईजाननी तिकडे दुकानात बसून ते ऐकले. त्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी अर्धीच राहिली.

भाईजानचा राग समजायला हवा. गेली काही वर्षे बाजारात प्लास्टिकच्या फुलांचा पूर आला आहे. लग्नाचा मंच, मंडपाची कमान, दुकानाचे उद्घाटन, सगळीकडे त्याच माळा. एकदा घेतल्या की मंडपवाला त्या वर्षभर वापरतो, धुतो, पुन्हा लटकवतो. भाईजानचे एक जुने गिऱ्हाईक होते, त्यांच्या घरच्या तीन लग्नांची सजावट आमच्या दुकानाने केलेली. चौथ्या लग्नात भाईजान पाहुणे म्हणून गेले आणि प्लास्टिकच्या ऑर्किडखाली बसून जेवून आले. त्यांच्यामागे फुलशेती करणारे आहेत, तोडणी करणाऱ्या बायका आहेत, पहाटेच्या टेंपोवाले आहेत. २०२५ च्या जुलैत हा विषय विधानसभेत निघाला, आणि कृत्रिम फुलांवर बंदी आणू, असे फलोत्पादन मंत्र्यांनी सांगितले. भाईजाननी ते कात्रण माझ्याकडे पाठवून दिले. वर काही लिहिले नव्हते.

मी माझी बाजू मनात पुष्कळ मांडली. मंडपातले प्लास्टिकचे फूल खऱ्याची नक्कल करते, दुरून तुम्हाला फसवणे हेच त्याचे काम, दवाचे थेंबसुद्धा डिंकाचे चिकटवलेले. ठोकळ्यांचे फूल तसे नाही. त्याची बटणे दिसतात, सांधे दिसतात, जवळ गेलात तर बेडूक दिसतो. ‘मी फूल नाही, कोणीतरी मला फुलासारखे रचले आहे,’ हे ते स्वतःच सांगते. चित्रकाराने काढलेल्या गुलाबावर कोणी फुलारी रागावतो का? हा युक्तिवाद मला आजही खरा वाटतो. पण त्याने शुक्रवारच्या पुडीचा प्रश्न सुटत नव्हता. फुलदाणी एकच होती, आणि तिच्यातली जागा मी काढून घेतली होती.

मध्यंतरी या गुच्छाने मलाही काही शिकवले. अमर फूल म्हणजे बिनकष्टाचे फूल, ही समजूत पहिल्या उन्हाळ्यातच गेली. मिरजेची धूळ फुलात शिरली की बटणाबटणाच्या खाचेत बसते. फडक्याने पुसायला जावे तर पाकळी हातात येते. मऊ ब्रश बरा, मी रंगकामाचा जुना वापरतो. फारच मळले तर सोडवून, कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवावे. पाणी ४० अंशांच्या वर नको, आणि वाळवायला गरम हवेचे यंत्र तर नकोच. उन्हात ठेवू नये, थेट सूर्यप्रकाशाने पांढरा रंग पिवळट पडतो आणि बाकीचे रंग उतरतात. माझी फुलदाणी नेमकी खिडकीत होती. सप्टेंबरपर्यंत डेझीची खिडकीकडची बाजू जरा जुनाट दिसू लागली. म्हणजे फूल कोमेजलेच, फक्त त्याला आठ महिने लागले.

गणपती झाले. मिरजेचे विसर्जन म्हणजे फुलाऱ्यांचीही रात्रभर जाग. ती धावपळ ओसरल्यावर एका संध्याकाळी भाईजान काही कामाने आले आणि समोरच बसले. मी मुद्दाम त्या विषयाकडे गेलो नाही. चहा आला. ते सारखे खिडकीकडे बघत होते. मला वाटले, आता पुन्हा काहीतरी ऐकावे लागणार. शेवटी ते म्हणाले, ‘‘लावलेत किती वाईट!’’

खरेच वाईट लावले होते. पंधराही देठ मी एका उंचीचे ठेवले होते, झाडूसारखे. भाईजान उठले. सगळे देठ बाहेर काढून त्यांनी टेबलावर पसरले. या देठांची लांबी तुकडे काढून-घालून कमी-जास्त करता येते, हे मी सांगितले. ‘‘मग मुडद्यासारखे सगळे सारखे का ठेवलेस?’’ म्हणाले आणि मला कामाला लावले. हा दोन बोटे कमी कर, याला वाढव. उंच स्नॅपड्रॅगन मागे आणि मध्ये, पण अगदी मधोमध नाही. सर्वांत उंच फूल फुलदाणीच्या दीडपट, त्याहून जास्त नाही. गुलाब तीन, तेही एका ओळीत नकोत, एक खाली काठाशी, जरा बाहेर डोकावणारा. दोन फुलांच्या मध्ये हवा पाहिजे. गवत शेवटी, रिकाम्या जागा बघून. देठ हलके, फुले वर जड, म्हणून गुच्छ एकीकडे कलत होता. त्यांनी अंगणातून मूठभर खडी आणायला लावली आणि फुलदाणीच्या तळाशी घातली. मग एका गुलाबाच्या पाकळ्या त्यांनी बोटाने मिटवल्या, एकाच्या पूर्ण उघडल्या. ‘‘सगळी एकदम फुलत नसतात.’’

अर्ध्या तासात तो गुच्छ वेगळाच झाला. तुकडे तेच, ७५६. भाईजान दोन पावले मागे सरकले, डोळे बारीक केले, पुन्हा पुढे आले, आणि टेबलावरच्या तांब्यात बोटे बुडवून त्यांनी फुलांवर पाणी शिंपडले.

पन्नास वर्षांची सवय! पाण्याचे थेंब प्लास्टिकवरून घरंगळून खाली आले, टेबलावर सांडले. त्यांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी टॉवेल आणायला उठलो.

‘‘राहू दे,’’ ते म्हणाले, ‘‘वाळेल.’’

पुढच्या शुक्रवारी दुकानातला पोरगा पुडी घेऊन दारात हजर. कोणी निरोप पाठवला, मी विचारले नाही. पितळी फुलदाणी आता पुन्हा निशिगंधाकडे आहे, खिडकीत. ठोकळ्यांचा गुच्छ एका चिनी मातीच्या बरणीत, पुस्तकांच्या कपाटावर आहे. तिथे ऊन येत नाही. महिन्यातून एकदा मी स्टुलावर चढतो आणि ब्रशने धूळ काढतो. एक गुलाब मात्र जागच्या जागी राहत नाही, त्याचा चिमटा सैल झाला आहे. तो भाईजान आले की नीट करतात.